टाळ्या तुझ्यासाठी नव्हत्या

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (तू ज्या वेगाने निघून गेलीस तो पाहता खरोखर आडवा पडून घालायला हवा.) गुडघा कसा आहे? मनापासून विचारतोय, टोमणा समजू नकोस.

रविवारचा प्रकार तुला असा दिसला असणार: तू ऑपरेशनची हकिगत सांगत भुलीच्या इंजेक्शनपर्यंत पोचलीस, तोच आमच्या छोट्या बाईसाहेबांनी तुझ्या मांडीवर एक कार्ड ठेवलं. त्यावर उभा पंजा, खाली 'पुरे'. त्यासरशी मी उठून टाळ्या वाजवू लागलो, बायको रडू लागली आणि दोघांनी तुला गप्प राहायला सांगितलं. "एवढीशी पोर मला गप्प करते आणि बाप टाळ्या वाजवतो," असं म्हणत तू चहा टाकून चपला घातल्यास. मीही घातल्या असत्या. तुझं वाक्य शब्दशः खरं आहे, पंचाईत तीच.

तुला ठाऊकच आहे, लेक बोलत नाही. आवाज सोसेनासा झाला की भिंतीवर डोकं आपटायची. थेरपीच्या ताईंनी त्याऐवजी हे कार्ड द्यायला शिकवायला घेतलं. नियम एकच: कार्ड मिळालं की समोरच्याने तिथल्या तिथे थांबायचं, मग तो कोणी का असेना. गेले कित्येक महिने आम्ही तिचा हात धरून कार्ड देववत होतो. रविवारी हात कोणीच धरला नव्हता. ती आपणहून उठली, तिच्या कार्डांच्या फळ्यावरचं 'पुरे' काढलं आणि तुला दिलं. भिंतीकडे वळलीसुद्धा नाही. टाळ्या त्यासाठी होत्या.

त्यात इंजेक्शनची हकिगत टळल्याचा आनंद मिसळला होता का, असं मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. थोडा होता. (बायको म्हणते, हे लिहू नकोस. पण तुझ्यापाशी खोटं कशाला?)

तुझा,
भाचा

ता. क. ताई म्हणतात, हे तिला निरनिराळ्या माणसांपुढे जमायला हवं. आम्ही मात्र आता इतकं जपून बोलतो की 'पुरे' म्हणायची वेळच येत नाही. न थांबता बोलणारं, जवळचं माणूस हवंय. दोघांनी खूप विचार केला, एकच नाव सुचलं. येत्या रविवारी ये. इंजेक्शनपासून पुढे सांग.

आणखी एक. चष्मा तू इथेच विसरलीस. लेकीने तो नेऊन फळ्यावरच्या 'आणखी' या कार्डाखाली ठेवलाय. मी उचलला, तिने परत तिथेच ठेवला. ताई म्हणतात, उगाच अर्थ लावू नका. मी लावत नाही. तू येऊन लाव.

शेवटचं. चष्मा इथे, म्हणजे हे पत्र आतोबा मोठ्याने वाचून दाखवणार. आतोबा, नमस्कार. इंजेक्शनच्या आनंदाचा परिच्छेद कृपया गाळावा.