अडकलेला सूर

प्रिय धाकटे,

आजच्या पेपरात समीक्षकाने तुझ्या कालच्या ऑर्गनवादनाची तोंड भरून स्तुती केली आहे. शेवटी खालचा एकच सूर तू धरून ठेवलास, त्याला तो ‘अलौकिक धाडस’ म्हणतो.

तो सूर तू धरला नव्हतास. काल सकाळीच मी त्या सुराच्या नळीखाली बसवलेली हवेची झडप उघडीच अडकली होती, म्हणून तो वाजतच राहिला. कुणाकडे न शिकता बावीस वर्षं हा नळ्यांचा ऑर्गन सांभाळतोय. अशी चूक पहिलीच. तू मात्र त्या सुराभोवतीच सगळा शेवट वाजवलास.

फोनवर म्हणालीस, “दादा, वाचलंस? आता तुझ्या डोक्यावर मिरे वाटणार मी!” झडपेचं नाव तू काढलं नाहीस. मीही नाही.

आज ती झडप अर्धा मिलिमीटर घासली; आता नीट मिटते. हे पत्र हत्यारांच्या पेटीतच राहील. पुढच्या वेळी तो सूर तुला स्वतः धरावा लागेल.

तुझा,
दादा