वरुणचं मानपत्र

२ जानेवारी २०२६

सुभेदार सुब्रह्मण्य घरी आले होते. अकरा तारखेला माजी सैनिकांचा मेळावा आहे. आईचा सत्कार करणार — अडतीस वर्षांनी! माझ्या भावाचं, वरुणचं सेना पदक ती लावून येईल का, विचारत होते. घरच्यांनी उजव्या बाजूला लावायचं असतं. डावी बाजू, ज्यानं मिळवलं त्याची.

आई म्हणाली, "पट्टुसाडीच्या रेशमाला भोक पडेल हो." मग हळूच, "लावतें."

निघताना दारात म्हणाले, "पदकाबरोबरचं मानपत्र तमिळमध्ये वाचणार, मॅडम. पूर्ण."

कॉफी माझ्या हातून साडीवर सांडली.

३ जानेवारी

पेटीतून पदक काढलं. कडेवर वरुणचा नंबर आणि नाव. सोबत दुसरं, रिबिनीवर 'श्रीलंका' अशी पट्टी असलेलं. आजोबांचं बर्माच्या लढाईचं, इंग्रज राजाच्या मुंडक्याचं पदक हॉलमध्ये काचेत टांगलंय. आणि आपल्या देशानं दिलेली ही दोन साड्यांखाली!

तेव्हा आपली शांतिसेना लंकेत तमिळ वाघांशी लढत होती; इथं तमिळनाडूत, आमच्या गल्लीत कुणी विचारायचं नाही. "आपल्याच तमिळांवर बंदूक धरायला गेला" — शेजारच्या बाई आईच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. आईनं पेटीला कुलूप घातलं.

बावीस वर्षांचा होता माझा भाऊ. मिशी नुकती फुटलेली.

५ जानेवारी

लिहूनच टाकते. इथं तरी.

१९८७ची ती तार — तिच्यात नुसती तारीख. मग त्याच्या मेजरांचं इंग्रजी पत्र आलं. आईला तमिळ तेवढं वाचता येतं, म्हणून मी वाचून दाखवलं. पत्रात होतं — पहाटे पोटात गोळी लागली. तरी मशीनगन सोडली नाही. मागचे जखमी सगळे निघेपर्यंत, सहा तास. मग गेला.

मी वाचलं, "पहाटे गोळी लागली आणि तत्क्षणी गेला. त्याला कळलंसुद्धा नाही."

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छड्या मारून शिकवलेलं इंग्रजी, ते अशा कामी आलं. दोन वर्षांनी पदकाबरोबर मानपत्र आलं. तेही तसंच वाचलं. न अडखळता!

आणि श्राद्धाची तिथी. पहाटे द्वादशी होती, दुपारी त्रयोदशी लागली होती. मी पंचांग पाहिलं होतं. तरी गप्प बसले. अडतीस श्राद्धं — हरिप्रसादनं भावासाठी एवढ्या श्रद्धेनं केलेली — सगळी चुकीच्या दिवशी.

७ जानेवारी

हरिप्रसादला सांगितलं. धाकटा, पण ओरडला थोरल्यासारखा. "अक्का, तू कोण ठरवणार?" मग खिडकी लावून घेतली, आवाज उतरवला. "आईला आता कळायला नको. पंच्याऐंशीची आहे. सुभेदारांना सांग, तेवढी ओळ गाळा."

फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, त्या ओळीसाठीच तर पदक आहे."

९ जानेवारी

आपणच आधी सांगावं म्हणून दोनदा आईजवळ जाऊन बसले. "काय गं भुवना, मांजरासारखी घोटाळतेस?" म्हणाली. शेंगा सोलून दिल्या. उठले.

१० जानेवारी

आजही नाही. भित्री!

११ जानेवारी

वाचलं. सुभेदारांनी, माईकवर, सावकाश, एकेक शब्द. सहा तास म्हणाले तेव्हा आईचा हात माझ्या हातात होता. तिनं तो काढून घेतला.

टाळ्या, शाल, फोटो. फोटोत ती ताठ उभी आहे, पदक उजवीकडे. रसमभात वाढला, तो तसाच. हरिप्रसाद माझ्याकडे बघेना.

१२ जानेवारी

सकाळी तिच्या पायांशी बसले. म्हटलं, "त्याचं दुखणं तुला कळू नये म्हणून केलं, आई."

"माझं लेकरू आणखी सहा तास जगलं," आई म्हणाली. "ते सहा तास तू मज का दिले नाहीस?"