काळ्या ड्रेसला सोनेरी काठ

पेकन फ्लॅट, टेक्सस
मंगळवार

ती. लुएलाताईस,

धाकट्या ऑरविलचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेवढा वजा करून घे). तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा बांधतेस, की खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला आहेस? भावजींचा खोकला बसला असेल अशी आशा करतो. नसेल बसला, तर निदान चर्चमध्ये त्यांना मागच्या रांगेत बसवत जा, पाद्रीबाबांची तक्रार माझ्यापर्यंत पोचली आहे. इकडे नोरीन ठीक, दुकान ठीक, बोकडाने टपालाची पेटी पुन्हा पाडली. सध्या पत्रं दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

लिहिण्यास कारण टॅबिथा. नोरीनची मुलगी, आणि आमचं लग्न झाल्यापासून माझीही, असं मी मनातल्या मनात म्हणतो. मोठ्याने म्हणायची वेळ आलेली नाही. ती मला नुसतं ऑरविल म्हणते, मी तिला बाईसाहेब म्हणतो, आणि आमचं बरं चाललेलं असतं. तर येत्या शुक्रवारी तिच्या शाळेच्या होमकमिंगचा, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांना परत बोलावण्याच्या सणाचा, फुटबॉल सामना आणि शनिवारी नाच. सामना कुणाशी आहे ते तुला सांगायला नको, आपल्या डनमोरच्या बाजूच्या बाकांवर चादर टाकून तू आत्तापासूनच जागा धरली असशील. अकरावीच्या पोरापोरींनी मतं देऊन टॅबिथाला वर्गाची मानकरी निवडलं आहे. म्हणजे मध्यंतरात तिचं नाव लाऊडस्पीकरवर पुकारणार, आणि तिने वडिलांचा हात धरून सगळ्या गावादेखत मैदान ओलांडायचं. तिचे वडील म्हणजे नोरीनचा पहिला नवरा डेल, तिकडे ओक्लाहोमात तेलविहिरींवर असतो. बोलावणं त्यालाच जाणार हे उघड होतं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी नोरीनला सांगितलं, दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, बोकडालाही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. तू बहीण आहेस म्हणून तुला खरं सांगतो, फार वाटत होतं.

आता ड्रेसचं ऐक. बाकीच्या पोरींनी चमचमते, झुळझुळते, माशाच्या खवल्यांसारखे ड्रेस आणले. आमच्या बाईसाहेबांनी आणला काळा. गुडघ्यापर्यंत, बिनबाह्यांचा, ना टिकली ना झालर. नोरीनने त्याचा दुकानातला वास जावा म्हणून तो व्हरांड्यात टांगला. तासाभरात समोरच्या मिसेस पेटिग्रू भट्टीत भाजलेल्या कोंबडी-भाताचं भांडं घेऊन हजर. चेहरा पाडून, रुमाल हातात घेऊन, मला म्हणाल्या, "फार त्रास झाला का हो जाताना?" मला वाटलं बोकडाबद्दल विचारताहेत, म्हणून मी म्हटलं, नाही, उडी मारून गेला. मग खुलासा झाला, टांगलेला काळा ड्रेस बघून त्यांना वाटलं होतं आमच्याकडे कुणी वारलं. घरात सगळे धडधाकट आहेत हे कळल्यावर बाई जराशा हिरमुसल्या, पण भांडं परत नेलं नाही (छान झालं होतं, मीठ किंचित कमी). जाता जाता ड्रेसकडे बघून म्हणाल्या, "मोत्यांशिवाय हा घातला तर पोरगी शवपेटीवाल्याकडची हिशेबनीस दिसेल."

तिथून सल्ल्यांना सुरुवात झाली. मोती घाल, पांढरी शाल घे, केस वर बांध, केस खाली सोड. नोरीनच्या मावशीने फोनवरून, ड्रेस न बघता, कंबरेला फूल लावायला सांगितलं. टॅबिथा सगळ्यांचं ऐकून घेते. तिचा हा गुण मला कधी जमला नाही. मान डोलावते, थँक्यू म्हणते, आणि वस्तू जिथल्या तिथे ठेवून देते. मला मात्र वाटलं, आपणही काहीतरी करावं. डेल येऊन हात धरणार, मिरवणार. निदान ड्रेसवर तरी आपला हात फिरावा. (हे नोरीनला कळवू नकोस.) मी म्हटलं, बाईसाहेब, मला द्या, जरा उठाव आणतो. तिने ड्रेस दिला. ताई, मी ट्रकच्या सीटा शिवणारा माणूस. आजवर माझ्या हातून गेलेल्या कुठल्याही कापडावर पुढे कुणीतरी दोनशे पौंडांचं बसलेलं आहे. तरी रविवारी चर्चहून आलो तो जेवणही मशीनवरच घेतलं. नोरीनची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी होती, घरात टोकणारं कुणी नव्हतं. बँकेच्या मॅनेजरच्या खुर्च्यांची सोनेरी दोरी उरली होती. ती गळ्याभोवती लावली, खालच्या काठाला लावली, कंबरेवर दुहेरी फिरवली. टाका असा बारीक आला की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी ऑरविल कसला. उरलेल्या दोरीने सपातांना पट्ट्याही केल्या.

टॅबिथाने तो घातला. आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "शिलाई फार सुंदर आहे, ऑरविल." उरलेला दिवस मी हवेत होतो.

तू एव्हाना डोक्याला हात लावला असशील. काळ्यावर सोनेरी. अगं पण आपण दोघं वाढलो कशात? डनमोरच्या संघाच्या रंगांत. पाळण्यातलं पांघरूण काळं-सोनेरी, डबा काळा-सोनेरी, बाबांच्या ट्रकचं दार काळं-सोनेरी. आईने तर कोंबड्यांच्या खुराड्यालाही तेच रंग दिले होते. माझ्या डोळ्यांना काळ्याशेजारी सोनेरी नसेल तर ते कापड अर्धवट वाटतं. इथे पेकन फ्लॅटमध्ये सगळं लाल-पांढरं, आणि डनमोरचे रंग घालून कुणी नुसतं रस्त्याने गेलं तरी न्हावी कात्री खाली ठेवतो, हे मला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडत नाही. ही पोर सोमवारी शाळा सुटल्यावर मैदान ओलांडायच्या तालमीला तो ड्रेस घालून गेली. ऐन डनमोरविरुद्धच्या आठवड्यात, लाल-पांढऱ्या मैदानावर, नखशिखांत डनमोर होऊन.

पुढचं नोरीनच्या तोंडून ऐकलेलं. ती ड्यूटी संपवून थेट मैदानावर पोचली होती. बँडमधल्या ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. एक पोरगा ओरडला, "काय गं, डनमोरचं स्थळ आलंय का?" दुसऱ्याने सांगितलं, "हिच्या घरात डनमोरचा माणूस आणून ठेवलाय. आणखी काय होणार?" एवढं झाल्यावर मी त्या वयात असतो तर घरी पळालो असतो आणि आठवडाभर आजारी पडलो असतो. टॅबिथा पळाली नाही. चालत त्या दुसऱ्या पोराजवळ गेली, स्कर्टाचा काठ उलटा करून त्याच्या नाकापुढे धरला आणि म्हणाली, "आधी शिलाई बघ. तुमच्या घरात एकाला तरी असा टाका येतो का, सांग. मग माझ्या घरात कोण आहे त्याची चौकशी कर." आणि उरलेली तालीम पूर्ण करून आली. नोरीन सांगता सांगता रडत होती. मी दुकानात काम आहे म्हणून उठून गेलो. काम काही नव्हतं.

आज दुपारी ती ड्रेस घेऊन दुकानात आली. मी म्हटलं, बाईसाहेब, चुकलं माझं, तुमचा सण मी नासवला. ती म्हणाली, "मला आरशात बघताक्षणीच कळलं होतं."

"मग घातलास कशाला?"

"तू जेवण मशीनवर घेतलं होतंस."

ताई, मी कात्री काढली. आम्ही समोरासमोर बसून दोरी उसवली. ती गळ्याकडून, मी काठाकडून. उसवल्यावर ड्रेस पुन्हा साधा, काळा, नुसता. तिने तो अंगाला लावून धरला, केस कानामागे सारले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्याला कशाची गरज नव्हती. ती उभी राहिली की बघणारा तिच्याकडे बघतो, ड्रेसकडे नाही. पायात ती तिचे तपकिरी बूट घालणार आहे, बकऱ्यांना चारा घालायचे, पॉलिश करून. उंच टाचा मैदानातल्या गवतात रुततात म्हणे. शुक्रवारपुरती छातीवर नोरीनने केलेली लाल-पांढरी शेवंती असेल, होमकमिंगला सगळ्या पोरी मिरवतात ती. रेशमी फूल ताटाएवढं, फिती घोट्यापर्यंत, घुंगरं, आणि मधोमध एक कापडी अस्वल. वजनाने पोर पुढे झुकते, म्हणून मी आतून सीटबेल्टचा पट्टा लावून दिलाय. काळा. रंग नोरीनला दोनदा विचारून घेतला.

दोरी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "शुक्रवारी मध्यंतराला दक्षिणेच्या फाटकापाशी ये. दाढी करून."

मी म्हटलं, येतो, पट्टा सुटला तर सुई-दोरा, पक्कड, सगळं आणतो.

"काही आणू नकोस. तुला माझ्याबरोबर चालायचंय."

मी विचारलं, आणि डेल? तर हिने रविवारी रात्रीच त्याला स्वतः फोन केला होता. तो येणार आहे, नोरीनच्या बाकावर बसून बघणार आहे. काय म्हणाला विचारलं, तर म्हणे एवढंच म्हणाला, "त्या माणसाला सांग, सावकाश चाल. गवत ओलं असतं." हा फोन मला या वयात करता आला नसता, आणि ते उत्तरही देता आलं नसतं. दोघांचंही मला कौतुक वाटतं, आणि डेलचं वाटेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

भावजींना नमस्कार. कंबरेचा पट्टा बांध.

तुझा,
ऑरविल

ता. क. खरं काम राहिलंच. लाऊडस्पीकरवर तिच्या नावापाठोपाठ माझंही नाव पुकारतील, आणि तुमच्या बाजूला माझा जुना वर्गमित्र लेलँड असेल, त्याचा तो ट्रकचा भोंगा घेऊन. मी इथे लग्न केल्यापासून तो मला फितूर म्हणतो. माझं नाव आलं की तो हुर्यो उडवणार आणि पाठोपाठ सगळं डनमोर. एरवी खुशाल उडवा. पण फाटकापासून मैदानाच्या मध्यापर्यंत तेवढं त्याला गप्प बसव. भोंग्यावर बस हवं तर. माझ्यासाठी नाही, पोरीसाठी म्हणतो.

ता. क. चा ता. क. टॅबिथाने खांद्यावरून वाचलं. ती म्हणते, वरची ओळ खोडून टाक. तिच्या मते बाकीच्या मुलींच्या बापांसाठी एकाच बाजूची माणसं ओरडतील. "आपल्यासाठी दोन्हीकडची ओरडतील. वाजवू दे त्यांना, तुझीच माणसं आहेत." तेव्हा लेलँडला अडवू नकोस. आणि तूही ओरड ताई, गळा फाडून ओरड. मला वळून तिला दाखवायचंय, ती बघ, ती तुझी आत्या.