पिवळ्या गाडीची खटखट

१२ नोव्हें., बुध.
पूर्णा गावचे बाळाराम शेठ आले. नवी पिवळी जर्मन टर्बो गाडी. चढावर इंजिनात खटखट, ताकद कमी पडते. मुंबईच्या मोठ्या वर्कशॉपनं इंजिन खोलायला सांगितलंय. शेठनी आत डोकावून विचारलं, "मेकॅनिक कुठं हाय?" म्हटलं, समोर उभी आहे. तरी दोनदा माझ्या मागे बघितलंच! अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, बापाचं गॅरेज मी चालवते हे अजून पचत नाही लोकांना.

१३ नोव्हें.
सकाळी शेठ चालवायला, मी शेजारी, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेला लॅपटॉप मांडीवर. अकलोलीच्या अलीकडच्या चढावर पाय दाबला की खटखट. पण चारही सिलिंडरमध्ये सारखीच. इंजिनात काही मोडलं असतं तर एकात जास्त आली असती, एकात कमी. चारही एकदम रडतात म्हणजे दोष खाण्यात. पेट्रोल.
विचारलं, कुठलं भरता? छाती फुगवून म्हणाले, "शंभर ऑक्टेन. दुसरा हातपन लावत न्हाय."
मग गणित बसेना; एवढ्या भारी पेट्रोलवर खटखट यायलाच नको. परत आल्यावर गॅरेजमधले जुने मदतनीस रफीकभाई वायर गुंडाळत पुटपुटले, "मॅडम, लॅपटॉप झूठ नहीं बोलता. सेठ बोलता है."

१४ नोव्हें.
शेठ म्हणाले, उद्या गाडी मुंबईला नेतो, खोलून टाकतो एकदाचं. मला राग आला. बिघाड नसलेलं इंजिन खोलायचं? कागद घेतला, लिहून दिलं: 'इंजिन ठीक आहे, उघडायची गरज नाही.' खाली सही. आता माझं चुकलं आणि पिस्टन फुटला, तर ठाणे जिल्ह्यात कोणी मला स्कूटरसुद्धा देणार नाही.

१५ नोव्हें., शनि.
उलगडलं! शेठ आईला वज्रेश्वरीला दर्शनाला नेऊन परत जाताना थांबले. मी पुन्हा पेट्रोलचा विषय काढला. शेठ पुन्हा शंभर, शंभर. मागच्या सीटवरून म्हातारी कडाडली, "खोटा कशाला बोलतंस रं? जावयाचे पंपावर भरतंस ना!"
शेठ लालबुंद. बहिणीच्या नवऱ्याचा पंप गावाच्या तोंडाशीच. तिथे शंभरचं मिळत नाही, साधंच. पण भावोजींचा पंप ओलांडून दुसरीकडे भरलं तर बहीण काय म्हणेल! म्हणून नात्यासाठी साधं आणि लोकांना सांगायला शंभर.
शेठना सांगितलं, भावोजींच्या पेट्रोलमध्ये खोट नाही. तुमचं इंजिन दाब फार देतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सोशिकपणा. ठिणगीची आग पोचेपर्यंत दाब सोसायचा. साधं पेट्रोल तिथे आधीच पेटतं, तीच खटखट; पंगत वाढून व्हायच्या आधीच घास घेणाऱ्या पाहुण्यासारखं वागतं. म्हातारीला लगेच समजलं. शेठना जरा वेळ लागला.

१६ नोव्हें., रवि.
टाकी रिकामी केली. काढलेलं पेट्रोल शेठच्या जुन्या जीपमध्ये ओतलं, ती मजेत पळाली. रफीकभाईंनी गाडीच टोइंगवर ठाण्याला नेऊन शंभरचं भरून आणलं, डब्यात पेट्रोल आणायचं नाही हा अण्णांचा नियम. मग गाडीच्या कॉम्प्युटरनं धरलेली साध्या पेट्रोलची जुनी आठवण पुसली.
तोच चढ. आज चालवायला मी. म्हातारी हट्टानं पुढे बसली, लॅपटॉप मागे शेठकडे. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला आणि गाडी अशी सुटली की म्हातारी ओरडली, "आई वज्रेश्वरी, उडाली ही!"
मी विचारलं, शेठ, खटखट किती?
"शून्य."
चारही?
"चारही शून्य, ताई!"
जिंकले. जिंकले. जिंकले. माथ्यावर गाडी थांबवली आणि खाली उतरून रडले, लाज वाटली नाही. शेठनी माझा कागद खिशातून काढला, घडी घालून परत ठेवला. म्हणाले, "ह्यो मी मुंबईवाल्यांना दाखवनार."

१८ नोव्हें.
दोन दिवसांत तीन नवी गिऱ्हाइकं. कोणी मागे बघून मेकॅनिक शोधला नाही.
शेठ मात्र चोरासारखे ठाण्याला जाऊन पेट्रोल भरतात. येताना भावोजींच्या पंपासमोर काच वर.

२० नोव्हें., गुरु.
दुपारी खुद्द भावोजी दारात. काळी गाडी, शेठच्या गाडीपेक्षा वरची. म्हटलं, आता भांडण. तर म्हणाले, तपासून द्या, रविवारी लेकीची हळद आहे. लॅपटॉप लावून चढावर नेली. चारही शून्य! साध्या पेट्रोलवर हे होणंच शक्य नाही. विचारलं, पेट्रोल कुठलं भरता?
ते हळूच म्हणाले, "ठाण्याला भरतंय. शंभरचाच. मेवन्याला बोलू नका."
मग स्वतःच्या पंपावर का नाही ठेवत?
"ठेवला असता हो. पन मागनारा कोन हाय? सख्खा मेवनाच साधा भरतंय."
हसू दाबताना ठसका लागला. पाणी त्यांनीच आणून दिलं.
हळदीचं आमंत्रण मला आणि रफीकभाईंना. पिवळी आणि काळी मांडवाच्या दारात शेजारी उभ्या असणार. रफीकभाई विचारतात, "मॅडम, रविवार तक चुप रह पाओगी?"
रविवारपर्यंत राहीन. रविवारचं मात्र सांगता येत नाही.