मुलांच्या खोलीला तीन नंबर

अहो,

खिचडी झाकून ठेवली आहे, लोणचं फळीवर आहे. चावी शेजारी बायडाबाईंच्या सुनेकडे मागा. बायडाबाई माझ्यासोबत येतायत.

काल आरशासमोर उभे राहून तुम्ही घोकत होतात, "झोपायच्या खोलीला दोन नंबर, मुलांच्या खोलीला तीन, बाथरूमला चार." मी मोरीत भांडी घासता घासता सगळं ऐकलं. विचारलं तर म्हणालात, कंपनीचे व्हॉल्व परदेशात जातात, तिकडे थंडीत खोल्या तापवायला घराघरांत रेडिएटर असतो, खोली हवी तेवढी तापली की व्हॉल्व आपोआप बंद होतो. कुठल्या खोलीत व्हॉल्व कितव्या नंबरवर ठेवायचा, ते गोऱ्या पाहुण्यांना सांगायचंय म्हणे.

माझा भाऊ ट्रक चालवतो. रेडिएटर कुठे असतो ते मला शिकवू नका. आणि सिल्वासात बसून खोली तापवायचे व्हॉल्व? इथे पंख्याखाली जीव जातो!

दर रविवारी अथालच्या कारखान्यात ओव्हरटाईम, तोही इस्त्रीच्या शर्टात. लग्नाला सहा वर्षं झाली, आपली खोली एकच, मोरीसुद्धा तिच्यातच. मग ही मुलांची खोली कुणाच्या घरातली? आल्यावर खरं काय ते सांगा.

मी सरकारी दवाखान्यात चाललेय. बायडाबाई म्हणतात, या उलट्या पित्ताच्या नाहीत.

तुमचा तो तीन नंबर मात्र कुणाला देऊन टाकू नका. बहुतेक आपल्यालाच लागेल.

कावेरी