सांगून हात लावा

मुलुंड (पूर्व),
१८ जानेवारी २०२५

प्रिय शुभाताई,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत होऊन गेली तरी तिळगूळ घ्या. 'गोड बोला' म्हणायचा हक्क मला नाही, कारण नवरात्रापासून मीच तुमच्याशी बोललेले नाही. तुमचा डबा पोचला. वड्या इथल्या नर्सनी संपवल्या, मला एक मिळाली. हलव्याला तुमच्यासारखा काटा कुणाच्या हातून येत नाही, हे तुमच्या भावाचं मत, आणि या एका बाबतीत मी त्याच्याशी भांडत नाही.

डब्याखालचं झबलंही मिळालं. मूल यायच्या आधी काही शिवून ठेवू नये, असं रेवतीच्या वेळी तुम्हीच मला बजावलं होतंत. या वेळी तुम्हीच शिवलंत. आई गेल्यावर त्यांच्या साड्या तुम्ही नेल्या होत्यात, त्यातलीच ही फिकट जांभळी ना? हात लावला आणि ओळखली. माझ्याशी पुन्हा बोलायला म्हणून एवढा मोठा नियम मोडलात. झबलं उशाशी ठेवलंय.

फोन केला असता. पण फोनवर मी रडते, तुम्ही समजूत घालता, आणि समजूत घातली की मी ऐकते. या वेळी मला ऐकायचं नाहीये. शिवाय इथे माझी कॉट पायाकडून उचलून ठेवलीय. डोकं खाली, पाय वर, आणि जरा बोललं की धाप लागते. लिहिणं त्या मानाने जमतं. ऑफिसात वर्षानुवर्षं लोकांचे विम्याचे क्लेम नाकारायची पत्रं लिहिली, हात तयार आहे.

कामाचं आधी सांगते. संध्याकाळी नंदूभावोजी जेवणाचा डबा घेऊन येतील, तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देते आणि रेवतीलाही त्यांच्याबरोबर बोरिवलीला तुमच्याकडे पाठवते. इतके दिवस ती शेजारच्या विनीकडे होती, पण विनीच्या माहेरी, मढला, तिच्या भावाचं लग्न आहे. तिला अडकवून ठेवणं बरं नाही. भावोजींना सांगणार आहे, आरेतून न्या. गोठ्यातल्या म्हशी दिसल्या की रेवतीची गाडी लागत नाही, असा तिचा दावा आहे.

ती आता आठ वर्षांची आहे, स्वतःचं स्वतः करते. त्रास देणार नाही. म्हणजे देईल, पण वेगळा. मोजे ती उलटे घालते, कारण आतली शिवण टोचते. घालू दे. फ्रॉकची लेबलं मी कापली आहेत, नवीन काही आणलंत तर आधी लेबल कापा. वेणी स्वतः घालते आणि ती चिमणीच्या घरट्यासारखी दिसते. असू दे. नखं कापू नका, ती कानशीने घासते, एकेक बोट, अर्धा रविवार जातो. आणि आमच्या घरात एक कायदा आहे: सांगून हात लावायचा. 'रेवू, डोक्यावरून हात फिरवू का?' असं विचारायचं. बहुतेक वेळा ती 'नको, थँक्यू' म्हणते, बँकेच्या काउंटरवरच्या माणसासारखी. पण कधीतरी आपण होऊन येऊन चिकटते. तेव्हा हलू नका.

आणखी एक. ती रडली नाही म्हणजे तिला लागलं नाही, असं समजू नका. मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या घसरगुंडीवरून पडली. कोपराजवळचं हाड मोडलं, आणि मला कळलं ते संध्याकाळी ती वरणभात डाव्या हाताने खायला लागली तेव्हा. मी ओरडले, 'अगं, सांगायचं नाही का?' तर म्हणाली, 'काय सांगू?' शिवण टोचते म्हणून ती तासभर किंचाळते, आणि हाड मोडलेलं तिला सांगता येत नाही. खेळून आली की हातपाय नुसत्या नजरेने तपासत जा.

आता नवरात्राचं. तुम्ही तिला कुमारिका म्हणून पाटावर बसवलंत, पाय धुवायला ताम्हन पुढे घेतलंत आणि तिची टाच हातात धरलीत. तिने लाथ मारली, तुमचा चष्मा फुटला, आणि जमलेल्या बायकांसमोर तुम्ही म्हणालात, 'देवी म्हणून पाय धुतेय आणि ही लाथ मारते! काय वळण लावलंयस गं हिला?' मी तिला भरल्या पानावरून उठवलं आणि निघून आले. तुमचं काही चुकलं नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीसाठी माणसाने किती जपायचं? आज ती तुमच्या घरी पाय पसरून झोपेल, तेव्हा उजेडात तिच्या टाचा बघा. पांढरे ठिपके दिसतील, रव्याच्या कणांएवढे. हात लावू नका, नुसतं बघा.

सातवा महिना पुरता लागायच्या आत ती झाली, हे तुम्हाला माहीत आहे. ती काचेच्या पेटीत होती तेव्हा तुम्ही रोज बोरिवलीहून यायचात, पण आत फक्त आम्हालाच सोडायचे. मी बाहेर आले की तुम्ही विचारायचात, 'रडली का?' मी म्हणायचे, 'रडली.' मग तुम्ही म्हणायचात, 'चांगलंय. रडते म्हणजे जोर आहे.' कशाने रडते, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. रक्त टाचेतून काढायचे, ताई. सारखं. माझ्या करंगळीच्या पेराएवढी टाच. श्वासाची नळी, हातात सुई, गालावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर कातडी निघायची. दुसऱ्या महिन्यात तिचं रडणं थांबलं. टाच धरली की हाताची बोटं फाकायची, तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. सगळे म्हणाले, शहाणं बाळ आहे.

त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी तिला जगवलं. पुढे घाटकोपरच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. इतक्या लवकर आलेल्या बाळाला दुखतं, उलट जास्तच दुखतं, कारण दुखणं आतून थोपवायची ताकद पोटातल्या शेवटच्या महिन्यांत येते आणि ते महिने त्याला मिळालेलेच नसतात. ज्या दिवसांत अंग शिकत असतं, त्या दिवसांत ते हेच शिकतं. सगळ्याच मुलांचं असं होत नाही, काहींचं होतं. स्पर्श, झोप, लक्ष, शाळेतलं गणित, कुठे कुठे उमटेल ते आधी कुणाला सांगता येत नाही. मी विचारलं, 'हे जाईल का?' ते म्हणाले, 'सवय होईल.' कुणाला, ते मी विचारलं नाही.

चहा आला, तो झोपून प्यायचा म्हणजे सर्कस आहे.

आता इथलं सांगते. यज्ञेशने तुम्हाला 'थोडं ब्लीडिंग झालं, आराम सांगितलाय' एवढंच कळवलंय. तसं मीच त्याला सांगायला लावलं. खरं असं, की गर्भपिशवीच्या तोंडाला घातलेला टाका सुटलाय. पाण्याची पिशवी खाली उतरलीय. तेविसावा आठवडा चालू आहे. बाळ आज नाही तर उद्या येणार, रेवतीपेक्षाही महिनाभर आधी.

काल डॉक्टर पद्मजा खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की काय ते समजावं. म्हणाल्या, इतक्या लहान बाळाच्या बाबतीत आम्ही आईवडिलांना आधी विचारतो. पेटीत ठेवून सगळे प्रयत्न करायचे, की काही न टोचता आईजवळ द्यायचं? जगायची आशा फार थोडी आहे, आणि जगलं तर पुढचं काही सांगता येत नाही. आता बरंच बदललंय, असंही म्हणाल्या. सुईच्या आधी जिभेवर साखरेचं पाणी देतात, आईच्या छातीवर ठेवून टोचतात, औषधं आहेत. 'दुखणं पुष्कळ कमी करता येतं,' म्हणाल्या. मी विचारलं, 'अजिबात दुखणार नाही, असं करता येतं?' त्यांनी नकारार्थी मान हलवली. चांगल्या बाई आहेत, खोटं बोलल्या नाहीत.

यज्ञेश म्हणाला, 'सगळं करा, मॅडम.' मी काही बोलले नाही, आणि ते त्याला 'हो' वाटलं.

ते 'हो' नव्हतं. मला नको आहे, ताई. पेटी नको, नळी नको, टाच नको. लिहिलं एकदाचं. सकाळपासून मोज्यांचं आणि म्हशींचं लिहीत बसलेय ते हे लिहायचं नव्हतं म्हणून. यज्ञेश आज तुम्हाला फोन करेल आणि 'अस्मिताला समजाव' म्हणेल. लहानपणापासून तो तुमचंच ऐकतो. मला समजावू नका. त्याला समजावा.

तुम्ही म्हणाल, रेवतीसाठी हे सगळं पुन्हा करशील का? करीन. आजच्या आज करीन, या कॉटवरून उठून करीन. मग याच्यासाठी का नाही? तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे, एवढंच म्हणता येतं, आणि ते काही उत्तर नव्हे. सगळ्यात जास्त भीती मला रेवतीचीच वाटते. मोठी झाल्यावर तिला कळलं, तर ती म्हणेल, आईला माझ्यासारखं दुसरं नको होतं. त्यावर मी कितीही बोलले तरी तिला ते ऐकू येणार नाही. म्हणून बाहेर सगळ्यांना 'वाचलं नाही' एवढंच सांगायचं. खरं कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून तुम्हाला लिहिलं.

दुपार

जेवणाच्या सुमारास यज्ञेश आला. तुम्हाला फोन केलाच नाही त्याने. उशाजवळचं झबलं उचललं आणि तळहातावर पसरलं. 'केवढं मोठं होईल गं हे त्याला,' म्हणाला. मग म्हणाला, 'रेवू काल काय म्हणाली माहितीये? बाबा, बाळाला पण सांगून हात लावायचा हं. मी म्हटलं, हो गं, सांगू. पण आत तिथे कोण सांगणार आहे यार त्याला?' मी म्हटलं, 'मग पेटी नको, यज्ञेश. माझ्याजवळच राहू दे.' झबल्याची घडी घातली, ती वाकडी झाली, परत घातली. 'तू म्हणतेस तसं करू,' म्हणाला.

मला हेच हवं होतं ना, ताई? त्याच्याचसाठी हे पत्र चाललं होतं. पण तो 'हो' म्हणाला आणि माझ्या मनात आलं, अरे, नाही म्हण ना. भांड माझ्याशी. तो भांडला असता, तर मी जिंकले तरी त्याच्या तोंडून एकदा तरी बाळाची बाजू मांडली गेली असती. आता आम्ही दोघं एकीकडे आहोत आणि बाळ एकटं दुसरीकडे.

डॉक्टरांना सांगून झालं. तुम्हाला आता काही करायचं उरलं नाही, तरी पत्र फाडत नाही. कंबरेत कळा सुरू झाल्यात, अक्षर बिघडलंय ते त्यामुळे.

रेवती विचारेल, 'बाळ आलं का?' 'आई सांगेल' म्हणा. झोपताना ती पाय पांघरुणाबाहेर ठेवते. थंडी वाजेल म्हणून झाकायला जाऊ नका.

तिच्या अंगाला पहिले दोन महिने कापड म्हणून लागलं नाही, नुसत्या तारा होत्या. या बाळाला आजीच्या साडीचं झबलं आहे. मोठं होईल, होऊ दे, गुंडाळून घेईन. दिवे मंद ठेवायला सांगितलंय. छातीवर देतील. किती वेळ, ते कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही. आधी मी त्याला सांगेन, 'बाळा, हात लावते हं.' मग लावीन.

तुमच्या दोन्ही भाचरांची आई,
अस्मिता