पाण्याखालचा अबोला

शनिवार, ७ फेब्रुवारी

पोहोचलो! बोटीतून उतरताना पाणी इतकं नितळ की माझी सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसली. मी तिलाच हात केला. हे म्हणाले, "आधी बॅग सांभाळ."

पुतणी धक्क्यावरच उभी. उन्हाने रापलीये, केसांची सुतळी झालीये, पण दिसते कशी — राणी! बँकेतली नोकरी सोडून इथे लोकांना पाण्याखाली फिरवून आणते. तिने आधी आईला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला मिठी मारली, मग मला. थोरली तेवढ्यात बॅगा मोजायला लागली.

पोरीने नोकरी सोडली तेव्हा थोरली सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिनेच तिच्या डोक्यात वारं भरलं!" मी म्हटलं, भरलं तर भरलं! तेव्हापासून अबोला. तीन वर्षं झाली. माझं चष्म्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, आणि बाई चष्मा करायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. अबोल्यापेक्षा तेच मला जास्त झोंबतं.

आणि इथे खोली आम्हा दोघींना एकच! "बाबा आणि काकांना एकत्र घोरू देत," पुतणी म्हणाली. कार्टी आहे!

रविवार, ८

आज पाण्यात! पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. छाती धडधडत होती — भीतीने नव्हे, आनंदाने.

नियम असा की प्रत्येकाला एक जोडीदार. त्याच्यावर सतत नजर ठेवायची, त्याने खुणेने विचारलं की खुणेने उत्तर द्यायचंच. माझी जोडीदार कोण हे वेगळं सांगायला नको. पुतणी म्हणते, "पाण्यात बोलायचं नसतंच. तुम्हा दोघींचा तर सराव आहे." थोरलीने तोंड फिरवलं. पण हसू आलं होतं तिला, पाहिलं मी.

खुणा: बोट आणि अंगठा जुळवून गोल केला तर 'ठीक'. नुसता अंगठा वर केला तर 'वर चला'. "काकू, अंगठा म्हणजे छान नाही हं!" थोरलीने जन्मभर लहान पोरांकडून पाढे घोटून घेतलेत — तिने खुणा एका दमात करून दाखवल्या.

आणि मी? डोकंभर पाण्यात गेलो, एक निळाशार मासा नाकासमोरून गेला, आणि मी दोन्ही अंगठे वर! पुतणीने दंडाला धरून वर काढलं. "काय झालं काकू?" म्हटलं, "काही नाही गं, छान आहे!" थोरली हसून हसून खोकली. चला, माझ्यामुळे हसली तरी.

सोमवार, ९

काय लिहू! कुठून सुरू करू! तळाशी प्रवाळांची अख्खी वस्ती आहे. पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि एक ढब्बू मासा चक्क प्रवाळ चावून खात होता — कुर्रकुर्र आवाज येतो, खरंच येतो! एक दगड हलला, रंग बदलला आणि निघून गेला. ऑक्टोपस! मी नळीतच किंचाळले.

एक गोष्ट मात्र खटकली. पुतणी डावीकडे ऑक्टोपस दाखवत होती आणि थोरली सरळ समोर बघत गोल खूण करत होती. ठीक. मासा आला — ठीक. मासा गेला — ठीक. चष्मा काढून मास्क लावलाय बाईने. पोरीने विचारलं होतं, तर म्हणाली, "दिसतं की, पाण्यात सगळं मोठंच दिसतं."

कप्पाळ दिसतं! तीस वर्षं लोकांचे डोळे बघतेय मी. थोरलीला काहीही दिसलेलं नाही. नुसता निळा धूर.

दुपारी खोलीत ती पंख्याशी बोलली. "कुणाला थंडी वाजत नसेल तर राहू दे चालू." मी उशीला सांगितलं, "राहू दे."

मंगळवार, १०

माझ्याच्याने राहवेना. ज्या समुद्रापायी लेक दुरावली तो समुद्र आईला दिसूच नये? आणि तिने पोरीला 'छान छान' म्हणत घरी परत जावं? मग तीन वर्षं काय, तीस वर्षं गेली तरी तिला कळणार नाही पोर इथे का रमली.

थोरली अंघोळीला गेली तेव्हा तिचा चष्मा उचलला, फरशीच्या रेघेवर धरून हलवून पाहिला. रेघ सरकते त्यावरून नंबर कळतो — उणे साडेतीनच्या आसपास. दोन्ही डोळे जवळपास सारखे — नशीब! काडी वाकडी, नाकावर वळ उठतील अशी बसवलेली. तो गावाच्या टोकाचा कारागीर भेटला तर त्याचे कान उपटीन! काडी सरळ करूनच ठेवली. सवय, दुसरं काय.

मग पुतणी टाक्या-मास्क भाड्याने देते त्या दुकानात जाऊन तिला विचारलं, चष्म्यासारखे नंबरचे मास्क असतात का? पेटीत तीन निघाले. त्यातला एक उणे साडेतीन! पुतणी रडवेली झाली. "आई मला का नाही बोलली?" म्हटलं, तुझा हिरमोड होऊ नये म्हणून. आणि माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर घालायची नाही ती.

बुधवार, ११

कासव! कासव! कासव!

केवढं — आमच्या जेवणाच्या टेबलाएवढं. तळाचं गवत खात होतं, सावकाश, कुणाची पर्वा नाही. थोरलीने माझं मनगट इतकं आवळलं की अजून लाल आहे. नव्या मास्कमागे तिचे डोळे — आई गं! आधी कासवाकडे, मग पुढे पोहणाऱ्या लेकीकडे. मग पुन्हा लेकीकडेच. पोर कशी पोहते ते तिने पहिल्यांदा पाहिलं. मासळीच ती!

कासव श्वास घ्यायला वर निघालं. आणि थोरलीने माझ्याकडे वळून अंगठा वर केला. मी मनात म्हटलं, घ्या! पाढे घोटणाऱ्या बाईंचीही दांडी गुल! पण नियम तो नियम, पुतणीने आम्हाला हळूहळू वर आणलं.

वर आल्या आल्या थोरलीने नळी काढली. "अगं, पाहिलंस का? पाहिलंस का गं तिला?" मला! तोंडावर! पंखा नाही, उशी नाही!

मी म्हटलं, "पाहिलं, वहिनी." मग दोघी लाटेवर वरखाली होत वेड्यासारख्या रडलो. हे बोटीतून ओरडले, "काय चावलं का?"

गुरुवार, १२

उद्या विमान, आणि टाकी लावून बुडी मारल्यावर दिवसभर तरी उडायचं नसतं, म्हणून आज पाण्यात उतरायचं नाही. दिवसभर बडबड. तीन वर्षांची उधारी! जेवताना मी सगळ्यांना सांगितलं — आमच्या बाईंनीही अंगठा चुकवला. थोरलीने मीठ तेवढं पुढे सरकवलं.

शुक्रवार, १३

विमानात. थोरली शेजारी. आत्ताच चष्मा काढून, काडी बोटाने चाचपत, हळूच म्हणाली,

"खूण मला पाठ होती गं. खाली बोलता येत नव्हतं, म्हणून वर चल म्हटलं."